तेल, हवा, डिझेल आणि बाबांचे कान

करंज्यात एखादं इंजिन विकायला निघालं की घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "किती तास झालेत?" किलोमीटरचा विषयच निघत नाही. समुद्रात मैलाचे दगड नसतात. मशीन किती वेळ चालली, एवढाच हिशेब खरा.

ज्यांना करंजा माहीत नाही त्यांच्यासाठी: उरणच्या पुढे, द्रोणागिरीच्या डोंगराला वळसा घातला की आमचं गाव लागतं. समोर धरमतरची खाडी, पलीकडे रेवस. मासेमारीच्या बोटी आणि डिझेलचा वास, या दोन गोष्टी इथे जन्मापासून सोबतीला असतात. माझे बाबा २८ वर्षं बोटीवर इंजिन सांभाळायला होते. आमच्याकडे त्या माणसाला ड्रायव्हर म्हणतात. सुकाणू तांडेलाच्या हातात, मशीन ड्रायव्हरच्या.

आणि आमच्या दारात एक डिझेल गाडी आहे. २०१० ची स्विफ्ट डिझायर, आजवर २ लाख ६३ हजार किलोमीटर चाललेली. इंजिन अजून उघडलेलं नाही. लोक विचारतात, एवढी कशी टिकली? मी सांगते की बाबांनी ती बोटीसारखी सांभाळली. हे वाक्य फेकायला सोपं आहे, पण त्याचा नेमका अर्थ समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली. तो अर्थ लिहून ठेवायचं कारणही आता निर्माण झालंय, ते पुढे येईलच.

दाबलेली हवा

आधी थोडं इंजिनाबद्दल. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. डिझेलमध्ये ठिणगी नाही. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून जोरात हवा मारली की पंप गरम लागतो, तोच प्रकार इथे खूप मोठ्या प्रमाणावर होतो. पिस्टन हवेला मूळ जागेच्या पंधराव्या-अठराव्या हिश्श्यात कोंबतो. हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबुर्ग इथे असं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं. १९१३ मध्ये बोटीने इंग्लंडला जाताना तो रात्रीतून नाहीसा झाला आणि नंतर समुद्रातच त्याचं प्रेत सापडलं. ही गोष्ट मी बाबांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मशीन करनारा पन दर्यातच गेला म्हन की."

आमच्या गाडीत १२४८ सीसीचं जे इंजिन आहे ते मूळ फियाटचं. एके काळी भारतात इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांमध्ये ते होतं की गाडीवेडे त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. फियाट आणि टाटांच्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनायचं. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्याच बंद केल्या आणि आमची गाडी एका रात्रीत जुन्या पिढीची झाली.

अशा इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बार दाबाने, केसाहून फारशा मोठ्या नसलेल्या छिद्रांतून फवारलं जातं. जिथे दाब एवढा आणि छिद्र एवढं बारीक, तिथे कचऱ्याला माफी नाही. म्हणून बाबांचं शास्त्र तीनच गोष्टींवर उभं आहे: आत जाणारी हवा, आत जाणारं डिझेल आणि आत फिरणारं तेल. ही तिन्ही स्वच्छ असली की लोखंड सहसा दगा देत नाही.

किलोमीटर खोटं बोलतात

गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा ऑइल बदला. आपण सगळे तेवढंच वाचतो. त्याच पुस्तकात आणखी एक परिच्छेद असतो, जो कोणी वाचत नाही: धूळ, कमी अंतराच्या फेऱ्या किंवा खूप वेळ जागेवर चालणारं इंजिन असेल, तर हे अंतर कमी करा.

बोटीच्या इंजिनाचं तेल आमच्याकडे साधारण अडीचशे तासांनी बदलतात. बाबांनी हाच हिशेब गाडीला लावला. ताशी ४० ची सरासरी पडली तर २५० तासांत १० हजार किलोमीटर होतात, म्हणजे पुस्तकातला आकडा बरोबर. पण मी करंज्याहून बेलापूरला नोकरीसाठी गाडीने जायचे तेव्हाचं चित्र वेगळं होतं. न्हावा शेवाकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर रस्ताभर रांगेत, आणि त्यांच्या मधे आम्ही. ३५ किलोमीटरला दीड तास. सरासरी निघते २३. या वेगाने १० हजार किलोमीटर व्हायला जवळपास ४३० तास लागतात. मीटरच्या दृष्टीने तेल ताजं, इंजिनाच्या दृष्टीने केव्हाच शिळं.

म्हणून आमच्याकडे तेल सहा हजारांवर बदलतं. तुमच्या गाडीत सरासरी वेग दिसत असेल तर आजच बघा. एकूण अंतराला त्या आकड्याने भागा, म्हणजे तास कळतील. पाच मिनिटांचं काम आहे, आणि गाडीचं खरं वय त्यात कळतं.

तेलाबद्दल आणखी एक. डिझेल गाडीचं नवं तेल दोन-तीन दिवसांत काळं होतं. नवीन गाडीवाले घाबरतात, काही मेकॅनिक त्या भीतीवर धंदा करतात. बाबांचं म्हणणं: "तेल कालंच होनार. कालं झालं म्हनजे काम करतंय." काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. रंगाकडे बघू नका, पातळीकडे बघा. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर गाडी उभी करून दांडी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. पातळी उतरली तर तेल कुठे तरी गळतंय किंवा जळतंय. पातळी वाढली तर जास्त गंभीर. तेल आपोआप वाढत नसतं, त्यात काही तरी मिसळत असतं.

धूळ आणि पाणी

उरण तालुक्यात राहणाऱ्याला धुळीबद्दल सांगायला नको. ट्रेलर, खडी, भरावाची माती. एअर फिल्टर काढून झटकला तर अंगण मळतं. बारीक धूळ आत गेली की ती सिलिंडरच्या भिंतीला पॉलिश पेपरसारखी घासते, मग दाब कमी होतो. आणि डिझेलचं सगळं जगणं दाबावर. त्यामुळे फिल्टर पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यात बदलायचा. हवेच्या प्रेशरने तो साफ करून पुन:पुन्हा वापरायची पद्धत बाबांना मान्य नाही, कारण जोराच्या हवेने कागदाला बारीक भोकं पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

पाण्याची गोष्ट बोटीवाल्यांना जास्त कळते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या काळात टाकी अर्धवट रिकामी राहिली तर आतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि डिझेलच्या तळाशी जाऊन बसतं. म्हणून बंदी लागायच्या आधी टाकी भरून ठेवायची, आणि आठवड्यातून एकदा इंजिनाचं चाक हाताने फिरवायचं, म्हणजे पिस्टन एकाच जागी धरून राहत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडण्याआधी फिल्टरखालचं पाणी सोडायचं, हाही एक विधीच.

गाडीच्या डिझेल फिल्टरलाही खाली पाणी सोडायची सोय असते. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती वापरून बघा. हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणून डिझेलच लागतं, तिथे पाणी पोचलं तर लाखाच्या घरातलं बिल येऊ शकतं. लाल दिवा लागेपर्यंत टाकी रिकामी करायची सवयही याच कारणाने वाईट.

आणि रेडिएटरमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी घालायचं नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी मचूळ, त्याचा थर भांड्यांवर दिसतो. तोच थर इंजिनाच्या आत बसतो. कूलंटचा डबा आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढ्यावर भागतं.

सुरू करताना, बंद करताना

रात्री दोन वाजता आईला दम्याचा त्रास झाला की आम्हाला तीसेक किलोमीटरवरचं पनवेल गाठावं लागतं. असं तीनदा झालंय. या गाडीची काळजी घेण्यामागचं आमच्या घरचं खरं कारण हे आहे. हौस वगैरे नंतर.

तरीही बाबांनी त्या तीनही वेळा चावी फिरवल्यावर हीटरचा दिवा विझेपर्यंत हात थांबवला होता. थंड इंजिनात तेल वरपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात गुरगुरवलं तर झीज तिथेच होते. सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटं जागेवर तापवत बसायचीही गरज नाही. अर्ध्या मिनिटात निघायचं आणि पहिले चार-पाच किलोमीटर हळू चालवायची.

पोचल्यावर उलटं. टर्बोची चकती मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या वर फिरते आणि ती फिरते तेलावर. महामार्गावरून जोरात येऊन थेट चावी बंद केली की तेलाचा पुरवठा थांबतो, चकती तापलेलीच असते, आणि थांबलेलं तेल तिथे करपतं. मिनिटभर शांत चालू ठेवायची, मग बंद. बाबा या मिनिटात सीट बेल्ट काढतात, काच वर करतात, देवाचं नाव घेतात.

न धावणारी गाडी

माझ्या मामेभावाने तीन वर्षांपूर्वी बीएस सहा डिझेल गाडी घेतली. चांगली, मोठी. तिचा रोजचा प्रवास करंजा ते उरण बाजार, चार-पाच किलोमीटर. वर्षभरात पिवळा दिवा लागला आणि तेलाची पातळी दांडीवर वर सरकली.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस सहा लागू झालं. डिझेलमधला गंधक दर दहा लाख भागांमागे ५० वरून १० वर आला, आणि धुरातली काजळी अडवायला एक जाळी बसली, डीपीएफ. ही जाळी भरली की गाडी स्वतःच आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेऊन काजळी जाळते. त्यासाठी तिला पंधरा-वीस मिनिटं सलग धावावं लागतं. बाजारापर्यंतच्या फेरीत इंजिन धड तापतही नाही. काजळी जाळायला म्हणून जास्तीचं डिझेल फवारलं जातं, काम अर्धवट राहतं, आणि त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात उतरतं. वाढलेल्या पातळीचं गूढ ते हेच.

बाबांनी त्याला एवढंच सांगितलं, "गारीला धावव रं. निस्ती उबी ठेवून गारी खराब होते." आणि हेही सांगितलं की रोज चार किलोमीटरच जायचं असेल तर डिझेल घ्यायचीच नाही. मामेभाऊ आता दर आठवड्याला पनवेलच्या पुढे एक चक्कर मारतो.

आमच्या गाडीवरही ही वेळ आली. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि मी ट्रेनने जाऊ लागले. त्या रविवारपासून आमची फेरी ठरली: खोपटा पूल, चिरनेर, मग मुंबई-गोवा महामार्गाला लागून कर्नाळा, आणि परत. कर्नाळ्याच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये थोडी ओढून न्यायची, म्हणजे आतली जळमटं जातात. वरच्या गिअरमध्ये कण्हत-कण्हत चढवायची नाही. त्याच महिन्यात अटल सेतूही सुरू झाला होता, मी म्हटलं तिकडून जाऊ. बाबा म्हणाले, एका खेपेच्या टोलात ऑइल फिल्टर येतो.

शिट्टी

अशाच एका रविवारी कर्नाळ्याच्या चढावर मला बारीक शिट्टी ऐकू आली. ॲक्सिलरेटर दाबला की यायची, सोडला की जायची. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "कुकर लावल्यासारखा कसला आवाज येतोय?" बाबा माझ्या शेजारी बसले होते. ते काहीच बोलले नाहीत.

ज्या माणसाने अख्ख्या गावाच्या मशीन कानाने तपासल्या, तो शिट्टी वाजत असताना खिडकीबाहेर बघत होता.

गाडीचं कारण लगेच सापडलं. टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपला चीर गेली होती. पंधरा वर्षांच्या रबराचं तसं होणारच. अर्ध्या तासात काम झालं. बाबांच्या कानांचं कारण सापडायला पनवेलच्या एका डॉक्टरकडे जावं लागलं. तिथे कागदावर एक रेघ काढून दिली. डावीकडे बरी चाललेली रेघ ४००० हर्ट्झच्या जवळ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांची रेघ बहुतेक वेळा तिथेच पडते. जाड आवाज ऐकू येतात, बारीक जातात. पिस्टनचा ठोका त्यांना अजून बरोबर कळतो. इंजेक्टरची टिकटिक, टर्बोची शिट्टी, आणि आई बोलते त्या शब्दांतले स, च, फ, हे सगळं गेलं.

मी घरी येऊन हिशेब केला, कारण हिशेबाची सवय त्यांनीच लावली. आमची गाडी ३० च्या सरासरीने धरली तर पावणेनऊ हजार तास चाललीय. बाबा २८ वर्षं, वर्षाला २०० दिवस, दिवसाला ८ तास इंजिनाशेजारी. ४४ हजार ८०० तास. कानांसाठी जो नियम जगभर वापरतात तो असा: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. मी चुलतभावाच्या बोटीच्या इंजिनघरात फोनवर मोजून बघितलं. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, पण आकडा १०० च्या वर होता.

त्या २८ वर्षांत बोटीचं इंजिन तीन वेळा पूर्ण उघडून नीट केलं गेलं. प्रत्येक ऑइल चेंजची तारीख बाबांच्या वहीत आहे. त्यांचे कान मात्र त्या दिवसापर्यंत कोणीही, एकदाही तपासले नव्हते. मालकाने नाही, सोसायटीने नाही, घरच्यांनीही नाही. बाबांनाही त्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, "सगल्याच डायवरांचं असंच असतं."

पुढची पाच वर्षं

२०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने २०१५ मध्ये बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. आपल्याकडे फिटनेस तपासून पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. त्याची केंद्राची फी २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, शिवाय ग्रीन टॅक्स. भाऊ म्हणाला, भंगारात द्या.

त्याचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच नोंदवलंय. आणि आमच्या घरात दम्याचा पेशंट आहे. त्यामुळे टिकवायची म्हणून टिकवायची, हे मला पटत नाही. आमच्या घरात आता नियम आहे: जोवर पीयूसीत धूर मर्यादेच्या बराच खाली आहे तोवर गाडी राहील. काळा धूर दिसला तर हवा कमी पडतेय किंवा इंजेक्टर बिघडलाय. निळा दिसला तर तेल जळतंय. थंड सकाळचा पहिला वाफारा सोडला तर पांढराही चांगला नाही. दुरुस्त करून धूर थांबला नाही तर गाडी जाईल. बाबांनाही हे मान्य आहे. धूर सोडणाऱ्या बोटीला ते आजही मालकासमोर नावं ठेवतात.

पनवेलच्या आरटीओत गाडी पास झाली. २०३० पर्यंत.

वही आता मी लिहिते. कानाने कळायचं ते बाबांकडून विचारून शब्दांत उतरवतेय: कोणता आवाज, किती फेऱ्यांवर, गरम असताना की थंड. गाडीच्या पानासमोरच्या पानावर बाबांच्या कानाच्या तपासणीची तारीख आहे, सहा महिन्यांनी पुढची. कानातलं मशीन त्यांनी घेतलंय, आवडत नाही म्हणतात, पण आईशी बोलताना लावतात.

चुलतभाऊ आता बोटीवर ड्रायव्हर आहे, वय २४. बाबांनी त्याला कानावर लावायचे इअरमफ आणून दिले. तो हसला, "काका, हे लावलं तर मशीन ऐकू कशी येनार?"

प्रश्न खोटा नव्हता. बाबांनी थोडा विचार केला. मग सांगितलं, "ठोका यातून पन ऐकू येतो. बारीक आवाजाला हात ठेव मशीनवर, हाताला कलतं."

तो बंदरातून निघताना ते लावत नाही, बाकीचे चिडवतात. बोट खांदेरीच्या पुढे गेली की लावतो, असं त्याचं म्हणणं आहे. बाबा दर खेपेला विचारतात. उत्तर नीट ऐकू यावं म्हणून ते आता त्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहतात.